विश्लेषण : चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला… स्वस्त रायफलच्या ‘अपग्रेड’वर शौकीन इतका खर्च का करतात?

तीनशे डॉलरची रायफल आणि तिच्यावर हजार डॉलरचा साज. अमेरिकेतल्या नेमबाजीच्या शौकिनांमध्ये हा किस्सा इतका नेहमीचा आहे, की त्यावर आता कुणी हसतही नाही. ‘एवढ्या पैशांत चांगली रायफलच आली असती’ हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेले असते, तरी सुटे भाग विकणारी दुकाने जोरात चालतात. यामागे फक्त हौस आहे, की यंत्राच्या रचनेतच हा खर्च दडलेला आहे? पैसे नेमके कुठे टाकले तर नेम सुधारतो आणि कुठे टाकले तर फक्त पावत्या वाढतात? आणि महाराष्ट्रात छऱ्याची बंदूक घेणाऱ्याने यातून काय पाहावे?

‘टेन ट्वेंटी-टू’ काय आहे?

या सगळ्या चर्चेच्या केंद्रस्थानी एक साधी रायफल आहे, रुगर १०/२२. स्टर्म, रुगर अँड कंपनी या अमेरिकी कंपनीने ती १९६४ मध्ये बाजारात आणली. दहा गोळ्या मावणारे गोल फिरते मॅगझिन आणि ०.२२ इंच व्यासाचे काडतूस, म्हणून नाव १०/२२. हे काडतूस, म्हणजे ‘पॉइंट टू-टू लाँग रायफल’, जगातल्या सर्वात स्वस्त आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या काडतुसांपैकी एक. धक्का जवळपास नाही, आवाज कमी. त्यामुळे अमेरिकेतल्या ग्रामीण भागात मुलाला हाती दिली जाणारी पहिली रायफल बहुतेक वेळा याच जातीची असते. डबे फोडणे, खारी-सशांची शिकार, शेतातल्या उंदीर-घुशींचा बंदोबस्त ही तिची कामे.

१९६४ मध्ये तिची किंमत ५४ डॉलर ५० सेंट होती. महागाईचा हिशेब लावला तर ते आजचे साडेपाचशे डॉलरच्या आसपास होतात. प्रत्यक्षात आज साधे मॉडेल तीनशे डॉलरच्या घरात, म्हणजे साधारण २५ ते २७ हजार रुपयांत मिळते. साठ वर्षांत वस्तू खऱ्या अर्थाने स्वस्त झाली. ती स्वस्त ठेवण्यासाठी कंपनीने जिथे शक्य तिथे काटकसर केली आहे. ओतीव ॲल्युमिनियमचा रिसीव्हर, बारीक नळी, साधा लाकडी किंवा प्लास्टिकचा दस्ता आणि जड चाप. रायफलचे वजन साधारण सव्वादोन किलो आणि मूळ चाप ओढायला लागणारे बळ अनेकदा तेवढेच किंवा थोडे जास्तच. म्हणजे गोळी सोडताना बोटाने जवळपास अख्ख्या रायफलच्या वजनाइतका जोर लावायचा आणि तेवढ्या वेळात नळी केसभरही हलू द्यायची नाही. पहिला ‘अपग्रेड’ बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो, आणि खरे तर तो अगदी योग्य असतो.

सुटे भाग इतक्या सहज कसे मिळतात?

याचे उत्तर कायद्यात आहे आणि रचनेतही. अमेरिकेच्या १९६८च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार ‘बंदूक’ म्हणजे मुख्यतः तिचा रिसीव्हर, अर्थात अनुक्रमांक कोरलेला मधला सांगाडा. तो परवानाधारक दुकानातून, पार्श्वभूमी तपासणी होऊनच हाती येतो. बाकी नळी, चाप, बोल्ट, दस्ता हे सारे कायद्याच्या नजरेत सुटे भाग. ते मोबाइलच्या कव्हरसारखे घरपोच मागवता येतात.

दुसरे कारण अभियांत्रिकीचे. बहुतेक रायफलींमध्ये नळी रिसीव्हरमध्ये आट्यांनी घट्ट बसवलेली असते. ती बदलायची तर लेथ मशीन, मापे आणि जाणकार कारागीर लागतो, कारण काडतुसाच्या मागे सोडायची जागा अचूक जुळावी लागते. १०/२२ मध्ये नळी आत सरकवायची, खालून इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा ठोकळा लावायचा आणि दोन ॲलन स्क्रू आवळायचे. झाले. काडतुसाच्या कडेसाठीची जागा बोल्टच्या तोंडातच कोरलेली असल्याने नळी बदलली तरी ते माप फारसे बिघडत नाही. चापाचा अख्खा संच दोन पिना काढल्या की हातात येतो. सायकलचे पंक्चर काढता येणाऱ्याला ही रायफल सोडवता आणि जोडता येते.

रचनेतली ही सोय पाहून तिच्याभोवती एक स्वतंत्र उद्योग उभा राहिला. व्होल्क्वार्टसन, किड, टॅक्टिकल सोल्युशन्स अशा कंपन्या नळ्या, चाप आणि बोल्ट विकतात. मॅगपुल आणि होग दस्ते विकतात. इतकेच काय, रिसीव्हरसुद्धा आता इतर कंपन्या बनवतात. त्यामुळे रुगरचा एकही भाग नसलेली ‘रुगर १०/२२’ बांधणे शक्य आहे आणि लोक बांधतातही. खुद्द रुगर कंपनीनेही हा बाजार ओळखून हलका चाप स्वतःच सुटा विकायला काढला. स्वतःच्या मालातली उणीव दुरुस्त करण्याचा भाग स्वतःच वेगळ्या पैशांत विकायचा, यापेक्षा चोख धंदा कुठला!

एक भाग बदलला की दुसरा का बदलावा लागतो?

खरी गोम इथे आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, की माणसाला खरेदीचे व्यसन लागले. प्रत्यक्षात अनेकदा एक भाग दुसऱ्याला ओढत आणतो.

समजा, एखाद्याने नेम सुधारावा म्हणून जाड नळी घेतली. या नळ्या ०.९२० इंच, म्हणजे साधारण २३ मिलिमीटर व्यासाच्या आणि टोकापर्यंत एकसारख्या जाडीच्या असतात. मूळ नळी टोकाकडे निमुळती आणि दस्त्यातली खाचही तिच्याच मापाची. जाड नळी त्यात बसतच नाही. एक तर खाच तासून रुंद करा, नाही तर नवा दस्ता घ्या. बहुतेक जण दस्ता घेतात.

मूळ नळीवर नेम धरण्यासाठी पुढे-मागे साइट असते. जाड नळीवर ती बहुतेक वेळा नसते. म्हणजे दुर्बीण हवी. दुर्बिणीसाठी पट्टी आणि कड्या हव्यात. दुर्बीण साइटपेक्षा उंच बसते, त्यामुळे दस्त्यावर गाल टेकवल्यावर डोळा तिच्या मध्यरेषेत येत नाही. मग गालाखाली उंचवटा हवा. नवा दस्ता आधीच घेतला असेल आणि त्यात ही सोय नसेल, तर तो चुकीचा घेतला असे लक्षात येते.

याच्याही पुढचा प्रश्न एखाद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला लगेच दिसेल. जड नळी म्हणजे एका टोकाला धरलेली तुळई, कॅन्टिलिव्हर. ती धरून ठेवायला फक्त एक ठोकळा आणि दोन स्क्रू, तेही ॲल्युमिनियमच्या रिसीव्हरमध्ये. रिसीव्हर दस्त्याला एकाच स्क्रूने बसवलेला. नळीचे वजन वाढले की हा सगळा भार त्या छोट्या सांध्यावर येतो, नळी किंचित वाकून बसू शकते आणि ज्या स्थिरतेसाठी पैसे मोजले तीच हातची जाते. यावर उपाय म्हणून काही कंपन्या मागच्या बाजूला दुसऱ्या स्क्रूची सोय असलेला रिसीव्हर विकतात. तो घ्यायचा तर कायद्याने ती नवी बंदूक! पुन्हा दुकान, पुन्हा तपासणी, पुन्हा पैसे. आणि त्या रिसीव्हरला साजेसा दस्ताही वेगळाच.

सव्वादोन किलोची, खांद्याला अडकवून रानात फिरायची रायफल या प्रवासात तीन-साडेतीन किलोंची होते. ती टेबलावर ठेवूनच चालवावी लागते. नाकापेक्षा मोती जड, हे इथे अक्षरशः वजनकाट्यावर दिसते.

हिशेब कुठवर जातो?

अमेरिकी बाजारातल्या सर्वसाधारण किमती धरून बेरीज करून पाहू. रायफल ३०० डॉलर. चांगली नळी २००च्या पुढे. चाप ८० पासून ३०० पर्यंत, मधला धरू १५०. दस्ता १५०. दुर्बीण आणि कड्या मिळून ३००. इथे थांबले तरी ११०० डॉलर झाले. त्यावर नवा बोल्ट, मोठी कळ, नळीच्या टोकाला लावायचा कॉम्पेन्सेटर ही ‘किरकोळ’ खरेदी सुरूच असते. कॉम्पेन्सेटर हा भाग जोरदार धक्का देणाऱ्या रायफलीचा धक्का कमी करतो. जिला धक्काच नाही तिच्यावर तो बहुतांशी शोभेचा.

शेजारच्या फळीवर झेक बनावटीची सीझेड ४५७ किंवा फिनलंडची टिक्का टी१एक्स ठेवलेली असते. दोन्ही त्याच काडतुसाच्या, पण प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट ओढायच्या. साधारण पाच-सहाशे डॉलरमध्ये नीट कापलेली नळी आणि बसवता येणारा चाप खोक्यातूनच मिळतो. दुर्बीण धरूनही नऊशेच्या आत काम होते. म्हणजे सुधारलेली १०/२२ महाग पडली आणि टेबलावरच्या नेमबाजीत ती नेहमी पुढे जाईलच याची खात्रीही नाही. अर्थात, ज्याला भरभर दहा गोळ्या झाडायच्या आहेत त्याला बोल्टची रायफल नको असते, हेही खरे.

मुद्दा असा, की अकराशे डॉलर एकदम मोजायला सांगितले असते तर बहुतेकांनी नकार दिला असता. पण पैसे एकदम जात नाहीत. या महिन्यात चाप, वाढदिवसाला दस्ता, सणाच्या सवलतीत नळी. प्रत्येक खरेदी आधीच्या खरेदीशी तोलली जाते आणि त्यामुळे छोटी वाटते. एकूण बेरीज कुणी मांडतच नाही. आपल्याकडे जुनी गाडी घेऊन तिला अलॉय व्हील, स्पीकर, सीट कव्हर, पुन्हा इंजिनकाम असा खर्च करणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

नेम खरोखर कशाने सुधारतो?

ज्या गोष्टीवर सर्वात कमी चर्चा होते तिच्यावर सर्वाधिक अवलंबून असते : काडतूस.

‘पॉइंट टू-टू’ हे रिमफायर जातीचे काडतूस. त्यात पेट घेणारे रसायन मध्यभागी वेगळ्या टोपीत नसते, तर पितळी कवचाच्या बुडाच्या कडेत भरलेले असते. ते कडेभर एकसारखे पसरले नाही, की प्रत्येक काडतूस थोडे वेगळे पेटते. मोठ्या काडतुसांसारखे हे घरी पुन्हा भरताही येत नाही. कारखान्यातून आले तसेच वापरायचे.

याचा परिणाम आकड्यांत पाहता येतो. समजा, एक गोळी सेकंदाला १०५० फुटांनी निघाली आणि पुढची १०९० फुटांनी. स्वस्त घाऊक डब्यात एवढा फरक अगदी नेहमीचा. शंभर यार्डांपर्यंत जायला दोन्हींना साधारण तीन दशांश सेकंद लागतात, पण मंद गोळीला किंचित जास्त. तेवढ्या क्षणात गुरुत्वाकर्षण आपले काम करते आणि ती जवळपास पाऊण ते एक इंच खाली लागते. नेम अचूक, हात स्थिर, चाप मऊ, दस्ता दोनशे डॉलरचा. तरी दोन छिद्रांमध्ये इंचभर अंतर. हे अंतर रायफलच्या कुठल्याही भागाने भरून निघत नाही, कारण चूक गोळी नळीबाहेर पडण्याआधीच झालेली असते. पन्नास यार्डांवर हाच फरक पाव इंचावर येतो. म्हणूनच जवळच्या अंतरावर खूश असलेला नेमबाज लांबच्या अंतरावर गेला, की रायफलला दोष देऊ लागतो.

दुसरी गंमत अशी, की प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. एका नळीतून उत्तम जाणारे महागडे काडतूस दुसरीत सामान्य ठरते. ऑलिम्पिक पातळीवरचे नेमबाज यासाठी कारखान्याच्या चाचणी केंद्रात जातात. ब्रिटनची एली आणि लापुआ या दोन्ही कंपन्यांची अशी केंद्रे आहेत. तिथे रायफल शिकंज्यात घट्ट बसवतात, वेगवेगळ्या ‘लॉट’ची काडतुसे झाडून पाहतात आणि जो लॉट त्या नळीला मानवतो तोच विकत घेतात.

मराठी वाचकाला हे काडतूस अनोळखी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे याने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह ब्राँझ जिंकले, ते याच ‘पॉइंट टू-टू’वर. त्याच्याही आधी, २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत हिने ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले, तेही याच काडतुसाने. त्या स्पर्धांच्या रायफली अर्थातच वेगळ्या. एका वेळी एकच गोळी, लाखोंची किंमत आणि पहिल्या स्क्रूपासून त्याच कामासाठी घडवलेल्या. स्वस्त रायफलला भाग जोडत जोडत तिथे पोहोचता येत नाही.

काडतुसानंतर क्रम लागतो तो नळी आणि तिच्या चेंबरचा. १०/२२च्या मूळ चेंबरची मापे जाणूनबुजून सैल ठेवलेली असतात, म्हणजे मळलेले, स्वस्त, कुठलेही काडतूस अडकू नये. सैल चेंबरमध्ये गोळी नळीच्या मध्यरेषेत चोख बसत नाही. चाप नेम ‘सुधारत’ नाही, पण नेमबाजाकडून होणारी चूक कमी करतो. दस्ता अंगाला बसत नसेल तर महत्त्वाचा, बसत असेल तर रंगाचा प्रश्न. या साऱ्याच्या आधी एक फुकटचा ‘अपग्रेड’ आहे : दस्त्याचा स्क्रू आणि दुर्बिणीच्या कड्या नीट आवळणे. अनेक ‘बिघडलेल्या’ रायफली इथेच दुरुस्त होतात.

मग लोक थांबत का नाहीत?

फ्रेंच विचारवंत देनी दिदरो याला एक झकपक लाल झगा भेट मिळाला. त्या झग्यापुढे जुने टेबल, खुर्ची, पडदे सगळेच गबाळे दिसू लागले आणि एकेक करत तो ते बदलत गेला. १७६९च्या एका लेखात त्याने ही हकीकत लिहिली. १९८८ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ ग्रँट मॅक्रॅकन याने या साखळीला ‘दिदरो परिणाम’ असे नाव दिले. १०/२२च्या बाबतीत फरक एवढाच, की इथे नवा दस्ता फक्त शोभत नाही म्हणून येत नाही, तो जुना बसतच नाही म्हणून येतो.

दुसरे कारण गेलेल्या पैशांचा मोह. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लुमर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना एक काल्पनिक पेच घातला. तुम्ही शंभर डॉलरची आणि पन्नास डॉलरची अशा दोन सहलींची तिकिटे काढली आहेत, पन्नासची सहल जास्त मजेची असणार, पण दोन्ही एकाच दिवशी आल्या. कुठे जाल? पैसे दोन्हीकडचे बुडालेलेच, तरी निम्म्याहून अधिक जणांनी कमी मजेची, महाग सहल निवडली. ‘आता एवढे घातलेच आहेत, तर नळीही घेऊ’ हे त्याच जातीचे वाक्य.

तिसरे कारण मात्र चुकीचे म्हणता येणार नाही. स्वतःच्या हाताने सोडवून, घासून, जोडून चालू केलेली वस्तू माणसाला जास्त प्रिय वाटते. अनेकांसाठी नेमबाजी हा बहाणा असतो, खरा छंद जोडकामाचा. त्यांनी हजार डॉलर छंदावर घातले असे धरले तर तक्रार उरत नाही. तक्रार असते ती ‘बचत करतोय’ असे घरी सांगून खर्च करणाऱ्यांची.

कोणता खर्च परत येत नाही?

१०/२२च्या बाबतीत एक दिलासा आहे. केलेले बहुतेक बदल उलटवता येतात. जाणकार मालक मूळ भाग खोक्यात जपून ठेवतात, विकताना रायफल मूळ रूपात आणतात आणि महागडे भाग वेगळे विकतात. पावत्यांची बेरीज लावून अख्खी रायफल विकायला काढणाऱ्याला गिऱ्हाईक साध्या रायफलचाच भाव सांगते, वर थोडेफार. दुसऱ्याच्या आवडीचे पैसे कुणी देत नाही.

मोसिन-नागां या रशियन रायफलची गोष्ट याहून दुःखद. १८९१ मध्ये झारच्या सैन्याने स्वीकारलेली ही रायफल दोन्ही महायुद्धांत लढली आणि कोट्यवधींच्या संख्येने बनली. शीतयुद्धानंतर गोदामांतला साठा पेट्या भरभरून अमेरिकेत उतरला. २०००च्या दशकात ती शंभर डॉलरच्या आत मिळत असे. एवढी स्वस्त वस्तू पाहून लोकांनी तिची ‘आधुनिक’ शिकारी रायफल करायला घेतली. पण तिचा बोल्टचा दांडा सरळ असल्याने दुर्बिणीला अडतो. तो कापून वाकवा. रिसीव्हरला भोके पाडा. लाकूड कापा किंवा दोनशे डॉलरचा प्लास्टिकचा दस्ता घाला. नळी आखूड करा.

पुढे आयात आटली आणि मूळ अवस्थेतल्या, शिक्के आणि क्रमांक जुळणाऱ्या मोसिनची किंमत कित्येक पट चढली. कापलेल्या, भोके पाडलेल्या रायफलीला संग्राहक हातही लावत नाहीत. म्हणजे दोन-तीनशे डॉलर खर्चून मालकांनी स्वतःच्याच वस्तूची किंमत पाडली. नळी पुन्हा लांब होत नाही आणि पाडलेले भोक बुजवले तरी दिसते.

पैशापलीकडचे नुकसानही असते. चापाचा नवा संच घ्यायचा नाही म्हणून काही जण मूळ चापाची आतली धार कानशीने घासून तो हलका करतात. धार जास्त घासली गेली तर रायफल खाली पडल्यावर गोळी सुटू शकते, किंवा एकदा चाप ओढल्यावर दोन-तीन गोळ्या सुटतात. अपघाताचा धोका तर आहेच, शिवाय एका ओढीत अनेक गोळ्या झाडणारे शस्त्र अमेरिकी संघराज्याच्या कायद्यात ‘मशीनगन’ गणले जाते. सोळा इंचांपेक्षा आखूड नळी लावली तर १९३४च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्याखाली आधी नोंदणी लागते. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर तिथे असलेल्या मराठी तरुणांसाठी तर प्रश्न भागांचा नाहीच. शिकारीचा वैध परवाना अशा मोजक्या अपवादांखेरीज त्यांना बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यासच मनाई आहे. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी लागू नाही.

भारतात हे चालते का?

नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार शस्त्राचे उत्पादन आणि विक्रीच नव्हे, तर रूपांतर आणि दुरुस्ती हीसुद्धा व्यवसाय म्हणून करायला परवाना लागतो, आणि नळी आखूड करण्यावर कलम ६ चे वेगळे बंधन आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात. त्यामुळे नळी घरपोच मागवून रविवारी दुपारी बदलण्याचा प्रकार इथे संभवत नाही.

पण छऱ्याच्या बंदुकीचा बाजार मात्र इथे वाढतो आहे आणि तिथे हीच साखळी छोट्या प्रमाणात दिसते. शस्त्र नियम २०१६ नुसार ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्युलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. काही हजारांत स्प्रिंगची बंदूक येते आणि पहिला मोह होतो जास्त ताकदीच्या स्प्रिंगचा. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २८३ मीटरने निघाला, की ऊर्जा नेमकी २० ज्युल होते. त्यापुढे गेलात की तीच बंदूक परवान्याच्या कक्षेत. यात गंमत अशी, की ऑलिम्पिकमधली दहा मीटर एअर रायफल जेमतेम साडेसात-आठ ज्युलची असते. ताकद आणि नेम यांचा इथे काहीच संबंध नाही.

दुसरा मोह दुर्बिणीचा. स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन आधी पुढे झेपावतो आणि शेवटी हवेच्या उशीवर आदळून थांबतो. त्यामुळे धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दोन्ही दिशांना बसतो. नेहमीच्या बंदुकीसाठी बनवलेली दुर्बीण फक्त मागचा धक्का सोसायला तयार असते. उलट्या धक्क्याने तिच्यातली भिंगे आणि तारा सैल होतात. मग पहिली फुटली म्हणून दुसरी, ती सरकते म्हणून नवी कडी, अशी खरेदी सुरू होते. घेताना ‘स्प्रिंग एअर रायफलसाठी’ असे स्पष्ट लिहिलेली दुर्बीण घेतली, तीन-चार प्रकारच्या छऱ्यांचे छोटे डबे आणून आपल्या नळीला कोणता मानवतो ते कागदावर तपासले आणि दस्त्याचे स्क्रू दर काही शे छऱ्यांनंतर आवळले, तर दहा मीटरवर सरावाला एवढे पुरते.